वाढत्या गावातला पाळक



या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, मी आपला ऋणी आहे. आडभागातल्या, नव्याने वाढणाऱ्या शेतकरी गावातली सेवा हा आपला यंदाचा विषय. त्यासाठी मी आपल्याला ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला, किम्बर्ली प्रदेशातल्या कुनुनुरा गावी नेणार आहे. भारतातून गेलेले धर्मगुरू आज त्या देशाच्या ग्रामीण भागात सेवा करत आहेत. उद्या आपल्यातलेही काही जातील. त्यांनी तिथला इतिहास समजून घेऊन जावं, अशी माझी कळकळ आहे.

कुनुनुरा वसलं ते 1960 च्या सुमारास, ऑर्ड नदीच्या पाण्यावर शेती करण्यासाठी. राज्याची राजधानी पर्थ तिथून रस्त्याने 3,000 किलोमीटरहून दूर. 1963 मध्ये पाणी वळवणारा बंधारा झाला, 1972 मध्ये मोठं धरण. त्याच्या अर्गाइल जलाशयात आपल्या कोयनेच्या तिपटीहून अधिक पाणी मावतं. सुरुवातीला सारी भिस्त कापसावर होती. पण कीड औषधांना दाद देईना आणि 1974 मध्ये कापूस बंद पडला. मग खरबुजं आली, आंबा आला, आपलं भारतीय चंदनही तिथे रुजलं. अलीकडे कापूसही परतला आहे.

पण जलाशयाखाली गेलेली जमीन रिकामी नव्हती. ती मिरिवुंग लोकांची भूमी होती. त्यांची संमती कोणी घेतली नाही. त्यांची पवित्र स्थळं पाण्याखाली गेली. त्याच खोऱ्यातलं ड्युरॅक या गोऱ्या पशुपालक घराण्याचं दगडी घर मात्र उकलून काढलं गेलं आणि उंचावर पुन्हा बांधलं गेलं. आज ते संग्रहालय आहे. मिरिवुंग आणि गाजेराँग लोकांचा भूमिहक्क मान्य व्हायला 2003 साल उजाडावं लागलं. कोयना-उजनीच्या धरणग्रस्तांमध्ये ज्यांनी सेवा केली, त्यांना या दुःखाची जात वेगळी सांगायला नको.

याच किम्बर्लीत, हॉल्स क्रीकला, 1917 मध्ये जिमी डार्सी नावाचा गुराखी जबर जखमी झाला. डॉक्टर होते पर्थला. त्यांनी तारेवरून एकेक सूचना पाठवली आणि गावच्या पोस्टमास्तरने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. डॉक्टर बोटीने, मग मोटारीने निघाले. ते पोचण्याआधीच डार्सी गेला. ही घटना प्रेस्बिटेरियन पाळक जॉन फ्लिन यांनी देशापुढे ठेवली. 1912 मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियन इनलँड मिशन उभं केलं होतं. 1928 मध्ये क्लॉनकरीहून त्यांच्या डॉक्टरचं पहिलं विमान उडालं. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड ट्रेगर यांचा पायाने चालवायचा रेडिओ दूरच्या पशुपालन-वस्त्यांवर पोचू लागला. रोग्याला डॉक्टर मिळणं आणि एकाकी बाईला माणसाचा आवाज ऐकू येणं, हे फ्लिन यांच्या लेखी सुवार्तेचंच काम होतं. ही समज आपण त्यांच्याकडून घ्यावी.

त्यांच्या कामाची मर्यादाही तितक्याच मोकळेपणाने मांडली पाहिजे. मिशनचं लक्ष प्रामुख्याने गोऱ्या वस्तीकडे राहिलं. मूळ रहिवासी त्या प्रेमाच्या कडेला राहिले. 1951 मध्ये फ्लिन वारले. अ‍ॅलिस स्प्रिंग्जजवळ त्यांच्या समाधीवर ठेवायला कार्लू कार्लू इथून एक प्रचंड शिळा आणली गेली. ते मूळ रहिवाशांचं पवित्र स्थान होतं. पुष्कळ वर्षं मागणी केल्यावर 1999 मध्ये ती शिळा परत गेली, आणि तिथल्या अरेर्न्टे लोकांनी आपल्या भूमीतली दुसरी शिळा समाधीसाठी दिली. ज्यांच्याकडे मंडळीने पाठ फिरवली, त्यांनी मंडळीच्या सेवकाचा मान राखला. क्षमेवरचं याहून थोर प्रवचन मला ठाऊक नाही.

आज अशा गावात पाळकासमोर कोण बसतं? शेतमालक, सरकारी नोकर, परिचारिका, आणि हंगामापुरते आलेले वानुआतू-तिमोरचे मजूर. मजुरांचा विश्वास दृढ असतो, पण मुलंबाळं समुद्रापार असतात. कोरड्या महिन्यांत गाव भरतं. पावसाळ्यात रस्ते तुटतात आणि बरेचजण निघून जातात. पाळकही दोन वर्षांत बदलीवर गेला, तर मिरिवुंग आजीने विश्वास टाकावा तरी कोणावर? तिने येणारे पुष्कळ पाहिले आहेत. तिला राहणारा हवा आहे.

राहणाऱ्याने तिथली बोली शिकली पाहिजे. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या हजारो मूळ रहिवाशांची बोली क्रिओल. तिच्यात संपूर्ण पवित्र शास्त्र 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी केलेलं साध्या मराठीतलं भाषांतर 1924 मध्ये छापलं गेलं. चुलीपाशी बसलेल्या बाईला देवाचं वचन तिच्या बोलीत मिळावं म्हणून रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षं वेचली. त्या वारशाची आपण लेकरं आहोत. तेव्हा परक्या मुलखात मोडक्या इंग्रजीत उपदेश करून समाधान मानणं आपल्याला शोभणार नाही.

म्हणून या परिषदेपुढे मी तीन गोष्टी ठेवतो. दूरच्या गावी पाठवलेल्या सेवकाला दीर्घ मुदतीची नेमणूक आणि तिच्यासाठी पुरेसा पैसा द्यावा. पहिलं वर्ष त्याने मूळ रहिवाशांच्या वडीलधाऱ्यांकडून शिकण्यात घालवावं. त्या वर्षी त्याच्याकडून सभासदांचे आकडे मागू नयेत. आणि हंगामी मजुराला पाहुणा न मानता मंडळीचा पूर्ण सभासद मानावं, मग तो चार महिनेच का राहेना.

गाव वाढवायला पाणी, बाजार आणि सरकार समर्थ आहेत. इथे आधी कोण होतं आणि नव्याने आलेल्यांत एकटं कोण आहे, हे दारोदार जाऊन विचारणारा माणूस मंडळीनेच द्यायचा आहे. तसा माणूस देण्याचा ठराव आपण आज करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.