शिकण्याची जागा आणि कामाची जागा
(आखाजीच्या दिवशी बोरीकाठच्या एका गावी शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)

शेतकरी व कारागीर बंधूंनो, आणि आखाजीला माहेरी आलेल्या भगिनींनो,

आज सणाचा दिवस. घागरी भरून झाल्या, पितरांस पान वाढून झाले, झाडांना झोके बांधले गेले. अशा दिवशी तुम्हांस चार कडू शब्द ऐकविण्याचा आमचा हेतू नव्हता. परंतु जी गोष्ट आजच्या दिवशीच बोलली पाहिजे ती उद्यावर टाकण्यात अर्थ नाही.

आखाजीला आपल्या खानदेशात सालदाराचे जुने साल संपते व नवे साल ठरते. ओट्यावर बसून बोली होते. रोख किती, धान्य किती, खाडे किती धरायचे, सगळे चार माणसांदेखत ठरते. बोली झाल्यावाचून शहाणा सालदार कोणाच्या गोठ्यात पाऊल टाकीत नाही. ज्यास आपण अडाणी म्हणून हिणवितो, तो माणूससुद्धा आपले एक वर्ष देण्याआधी विचारतो की, मला काय मिळणार? आणि आम्ही शिकलेसवरलेले म्हणविणारे! आमच्या मुलामुलींची दोन दोन, चार चार वर्षे, त्यावर बैलजोडी विकून उभी केलेली फी आम्ही दुसऱ्याच्या हाती देतो, आणि समोरच्यास एवढेही विचारीत नाही की, बाबा, हे शिकल्यावर काम कोठे आहे? या एका प्रश्नावरच आम्ही आज बोलणार आहो.

दुसऱ्यास नावे ठेवण्याआधी स्वतःचे सांगतो. आमचे वडील सुतार. बैलगाड्या, वखर, पाभरी करून त्यांनी घर चालविले. ट्रॅक्टर आले तसे गाड्यांचे काम कमी झाले. पोराने तरी या वाकसाच्या मागे लागू नये म्हणून त्यांनी आम्हांस बारावीनंतर मराठी ट्रेनिंग कॉलेजात, म्हणजे डी.एड.ला, घातले. आमचा काळ बरा होता. शिक्षणसेवकाची योजना नुकतीच, सन २००० मध्ये, सुरू झाली होती. तीन वर्षे महिना ३००० रुपयांवर काढली, पुढे कायम झालो. सुताराच्या पोराला सरकारी पगार लागला, ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली. मग जो तो आम्हांस विचारू लागला, गुरुजी, आमच्या पोराने काय करावे? आणि आम्ही, कसलीही चौकशी न करिता, एकच उत्तर देत गेलो: डी.एड. करा.

बंधूंनो, आमची चूक तेथे झाली. आम्हांस काम मिळाले होते, म्हणून ते सर्वांस मिळेल असे आम्ही धरून चाललो. त्याच वर्षांत खाजगी अध्यापक विद्यालये कुत्र्याच्या छत्र्यांप्रमाणे उगवत होती. शिकण्याच्या जागा वाढत होत्या; कामाच्या जागा किती, हे कोणी मोजीत नव्हते. फी भरणारा मिळाला की जागा भरली, एवढाच तो हिशेब होता.

पुढे काय घडले ते सनवार ऐका. २०१० साली मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा अंमलात आला, आणि त्याच वर्षी शिक्षकांस पात्रता परीक्षा सक्तीची ठरली. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली व कागदावरची खोटी मुले उघडकीस आली. मे २०१२ मध्ये खाजगी अनुदानित शाळांतील भरती थांबविण्यात आली. जिल्हा परिषदांची भरतीही खोळंबली. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यात पहिली टीईटी झाली. ती पास झालेल्यांस वाटले की आता दार उघडेल. तो डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी म्हणून दुसरी परीक्षा आली. तिच्यावरून नेमणुका व्हावयास २०१९ उजाडले. पुढची चाचणी २०२३ च्या आरंभी झाली. तीस दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिली यादी लागली ती सुमारे ११ हजारांची! शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ पासून १६ हजार झाले हे चांगलेच झाले. परंतु ते ज्यास नेमणूक मिळाली त्यास.

आता हिशेब करा. २०१० साली वयाच्या २० व्या वर्षी जो मुलगा डी.एड. होऊन बाहेर पडला, तो २०२४ साली ३४ वर्षांचा झाला. ही चौदा वर्षे त्याने काय केले? आमचेच विद्यार्थी सांगतो. एक जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटईच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली रात्रपाळी करितो; आपण डी.एड. आहो हे तो तेथे कोणास सांगत नाही. एक मुलगी डी.एड. असून सासरी कापूस वेचते, आणि हिच्या शिक्षणाचा काय उपयोग झाला हे दर दिवाळीला ऐकते. एकाने शिंप्याचा घरचा धंदा सोडला होता. आता मशीन गंजले, हात मोडला, आणि नोकरीही नाही. त्याच्या आईने एके दिवशी आम्हांस आठवड्याच्या बाजारात गाठले आणि म्हटले, “गुरजी, पोऱ्या शिकना, पन काम कोठे शे?” बंधूंनो, आम्ही वीस-बावीस वर्षे मुलांच्या प्रश्नांस उत्तरे देत आलो, त्या माउलीच्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवशी भाजी न घेताच आम्ही परत आलो.

कोणी म्हणेल, ही एकट्या मास्तरकीची गोष्ट आहे. तसे नाही. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, यांच्या भोंग्यावर किती घरांची चूल पेटत असे! ते भोंगे थांबले. जळगावास मिलच्या जागेवर बाजारपेठ उभी राहिली. १९९२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला. उद्योग मोडल्याने बेकार झालेल्यांस नवे काम शिकवावे, असा त्याचा एक हेतू होता. परंतु त्यातला फार मोठा पैसा सरकारी कारखान्यांतील कामगारांस स्वेच्छेने घरी पाठविण्याची रक्कम देण्यात गेला. घरी पाठविणे सोपे असते. नवे काम शिकवून त्या कामावर उभे करणे अवघड असते. २० मार्च २०१८ रोजी मुंबईत दादर-माटुंग्याजवळ रुळांवर बसलेली मुले आठवा. ती रेल्वेच्याच कारखान्यांतून ॲप्रेंटिस म्हणून काम शिकलेली होती, आणि रेल्वेनेच शिकविल्यावर रेल्वेने कामावर घ्यावे, एवढेच मागत होती. २०२४ साली राज्य सरकारने युवकांसाठी कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्यास महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविका असलेल्यास ८ हजार, पदवीधरास १० हजार, आणि मुदत सहा महिने. सहा महिने संपत आले तसा सर्वांच्या तोंडी तोच प्रश्न आला की, सातव्या महिन्यात काय? मुदत पुढे वाढविण्यात आली. परंतु वाढविलेली मुदत म्हणजे नोकरी नव्हे.

यावर शहाणे लोक आम्हांस सांगतात, जग बदलते, माणसाने धंदा बदलावयास शिकले पाहिजे. खरे आहे. याचे उत्तम उदाहरण आपल्या अमळनेरातच आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी तेथे वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली. तीच पुढे विप्रो झाली. १९८० च्या सुमारास ती संगणकाच्या धंद्यात शिरली आणि आज जगभर तिचे नाव आहे. पण त्या कंपनीने धंदा बदलला तो कसा? तेल, तूप, साबण चालू ठेवून! जुन्या धंद्याने नव्या धंद्यास पोसले. नवे रोप धरेपर्यंत जुने झाड तिने तोडले नाही. आणि आपल्या घरी काय होते? बैल विकतात, वावर गहाण पडते, हत्यारे मोडीत जातात, आणि मुलगा शिकावयास जातो. कंपनीजवळ भांडवल होते, म्हणून तिला वाट पाहता आली. शेतकऱ्याच्या घरास चौदा वर्षे वाट पाहता येत नाही.

यात आपला स्वतःचाही एक दोष आहे, तो लपवून चालणार नाही. आपण विद्येच्या मागे लागलो ते ठीकच, परंतु हाताच्या कामाची लाज शिकलो ती कोणाकडून? ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. त्यात त्यांनी प्राथमिक शिक्षक कसा असावा हे सांगितले आहे. तो ट्रेनिंग झालेला असावा, होता होईतो शेतकरी वर्गातला असावा, आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरावयास त्यास लाज वाटू नये, असा त्याचा भावार्थ आहे. आम्ही सुताराचे पोर मास्तर झालो, म्हणजे जोतीरावांचे अर्धे म्हणणे खरे झाले. उरलेले अर्धे आम्ही विसरलो. वडिलांचा वाकस आम्ही माळ्यावर टाकला, आणि तुमच्या मुलांसही तेच शिकविले.

तेव्हा आता करावयाचे काय? मुलांस शिकवू नका, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जो तसे म्हणेल तो आपला वैरी समजा. शिकवा, मुलींस तर अवश्य शिकवा. परंतु सालदारासारखी आधी बोली करा.

पहिली बोली: ज्या संस्थेत फी भरावयाची, तिच्यातून मागील तीन वर्षांत बाहेर पडलेल्या मुलांची नावे व गावे मागा. त्यांच्यापैकी चार घरी स्वतः जाऊन या. छापील माहितीपत्रकावर हसणारी मुले पाहून फी भरू नका.

दुसरी: त्या कामाच्या जागा भरतो कोण, आणि मागे कधी भरल्या, हे विचारा. जागा सरकारी असेल तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. दहा रुपये लागतात, आणि तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे. रिक्त जागा किती हे जिल्हा परिषदेस विचारावयास वकील लागत नाही. अर्ज लिहिता येत नसेल तर शाळेत या, आम्ही लिहून देऊ.

तिसरी: खर्चात नुसती फी धरू नका. त्या दोन वर्षांत मुलाने घरी आणली असती ती मजुरीही धरा. कर्ज काढणार असाल तर व्याजही धरा.

चौथी: जेथे काम करता करता शिकता येते, तेथे आधी पाहा. १९६१ च्या कायद्याने ॲप्रेंटिसला विद्यावेतन द्यावेच लागते. पाइपांचा कारखाना असो, जिनिंग असो, वीज मंडळी असो. पण तेथेही विचारा की, मुदत संपल्यावर मागच्या मुलांपैकी किती राहिले?

पाचवी: घरची हत्यारे विकू नका. सुट्टीत मुलाच्या हाती ती राहू द्या. धंदा गेला तरी हात जाऊ देऊ नका.

ही झाली घराची बोली. सरकारासही आमचे एक मागणे आहे. जो शिकण्याच्या जागा मंजूर करितो, त्याने त्याच कागदावर कामाच्या जागा किती ते लिहावे. विहिरीस पाणी किती हे न पाहता दहा एकर ऊस लावणाऱ्यास आपण वेडा म्हणतो; मग या कारभारास काय म्हणावे?

आणि शिकून घरी बसलेल्या माझ्या लेकरांनो, आज तुम्ही मागल्या रांगेत मान खाली घालून बसला आहा, म्हणून तुम्हांस मुद्दाम सांगतो. हा तुमचा अपराध नाही. आईबापांनी, सासरच्यांनी टोमणे मारण्याआधी हे ध्यानी घ्यावे. तुम्ही अभ्यास केला, परीक्षा दिल्या, पासही झालात. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्यांच्या नोकरीची पाच वर्षांहून अधिक मुदत उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावे. म्हणजे आम्हीही त्यात आलो. तेव्हापासून चाळिशी उलटलेले आम्ही चष्मा लावून रात्री पुस्तक घेऊन बसतो, आणि गणित अडले की त्या शिंप्याच्या मुलाकडे जातो. तो दोनदा टीईटी पास आहे. आम्हांस नोकरी आहे, परीक्षा पास नाही. तो परीक्षा पास आहे, त्यास नोकरी नाही. तो आम्हांस शिकवितो, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी शाळेत जाऊन उभे राहतो. याची आम्हांस लाज वाटते. त्यास वाटण्याचे काहीच कारण नाही.

म्हणून आजपासून शाळेत आम्ही एक वही ठेवीत आहो. गावातला जो जो मुलगा, जी जी मुलगी काही शिकून आली, तिने काय शिकले, किती पैसा व किती वर्षे लागली, आणि आज काय काम मिळते, हे तीत लिहिले जाईल. फी भरावयास निघालेल्या प्रत्येक घराने ती वही आधी वाचावी. वाचता येत नसेल त्यास आम्ही वाचून दाखवू. तिच्यातले पहिले नाव आमच्या सांगण्यावरून डी.एड. झालेल्या त्या शिंप्याच्या मुलाचे आहे. ते त्याच्या परवानगीने, आमच्या हाताने, काल रात्री लिहिले.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.