नोराचें मराठी घरकुल

ठाण्यांतील खोपटचा एखादा नाट्यरसिक मासुंदा तलावाच्या काठच्या गडकरी रंगायतनांत जाऊन बसला, कीं पडदा वर जातांच त्याला बहुधा एक दिवाणखाना दिसतो. तीन भिंती, एक दार, चार खुर्च्या. आणि त्याच खोलींत नाटक आरंभापासून अखेरपर्यंत चालतें. हा दिवाणखाना इतका ओळखीचा झाला आहे, कीं तो कोठून आला हा प्रश्नच कोणाला पडत नाहीं. तो आला मुख्यतः नॉर्वेसारख्या दूरच्या, बर्फाळ देशांतून. आणि त्याला मराठींत आणणाऱ्यांत श्री. वि. वर्तक आणि अनंत काणेकर यांचीं नांवें अग्रभागीं घ्यावीं लागतात.

हेन्रिक इब्सेन आणि ब्यर्नस्त्यर्ने ब्यर्नसन हे दोघे नॉर्वेचे समकालीन नाटककार. १८९२ सालीं इब्सेनचा मुलगा आणि ब्यर्नसनची मुलगी यांचा विवाह होऊन ते एकमेकांचे व्याहीहि झाले. इब्सेनचें ‘बाहुलीचें घर’ हें नाटक १८७९ सालीं डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें प्रथम रंगभूमीवर आलें. आजारी पतीचा प्राण वांचावा म्हणून नोरा खोटी सही करून कर्ज काढते; पण तें उघडकीस येतांच पतीला काळजी वाटते ती स्वतःच्या अब्रूची. आपण या घरांत आजवर केवळ एक बाहुली होतों हें तिला उमगतें आणि पतीला व तीन मुलांना सोडून ती घराबाहेर पडते. ब्यर्नसनच्या १८८३ च्या ‘हातमोजा’ या नाटकांत एक वाग्दत्त वधू विचारते, कीं जें शुद्ध आचरण माझ्याकडून अपेक्षिलें जातें, तेंच वराकडून कां अपेक्षूं नये?

हे प्रश्न परकी, पश्चिमेकडून उसने आणलेले, असें म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती कालानुक्रमाला धरून नाहीं. ब्यर्नसनच्या नाटकाच्या एक वर्ष आधीं, १८८२ सालीं, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ या निबंधांत हाच प्रश्न रोखठोक मराठींत विचारला होता. परंतु तें पुस्तक विस्मृतींत गेलें आणि स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं पुन्हा छापीपर्यंत तें बहुतेकांच्या वाचनांत नव्हतें. म्हणजे प्रश्न आपल्या घरचाच होता. तो चारचौघांत उभा करण्यास जागा मात्र नव्हती.

रंगभूमीवरहि ती नव्हती. ज्यांचें नांव ठाण्याच्या रंगायतनाला दिलेलें आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सिंधू आठवावी. १९१९ सालीं हें नाटक रंगभूमीवर आलें आणि बालगंधर्वांनीं तिची भूमिका अजरामर केली. दारूच्या आहारीं गेलेल्या पतीला सिंधू अखेरच्या श्वासापर्यंत सोडीत नाहीं, उलट त्याला वांचविण्यासाठीं धडपडते. प्रेक्षक रडत, आणि तें रडणें खरें होतें. पण अनेक प्रवेश, रंगविलेले पडदे, रात्रभर चालणारीं पदें आणि स्त्रीवेषांतील पुरुष नट अशा त्या मांडणींत दोन माणसांनीं समोरासमोर बसून शांतपणें हिशेब करण्यास अवसर थोडा.

बोलपटाच्या आगमनानें नाटक कंपन्या डबघाईस येऊं लागल्या, तेव्हां ‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था पुढें आली. १ जुलै १९३३ रोजीं तिनें मुंबईंत वर्तकांचें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक सादर केलें. ब्यर्नसनच्या ‘हातमोजा’चेंच हें मराठी रूप होतें. गाणीं थोडीं, बोलणें रोजच्या व्यवहारांतलें, देखावा खऱ्या खोलीचा. आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या. त्यांत ज्योत्स्ना भोळे होत्या. पुरुषाच्या शीलाचा जाब विचारणारी मुलगी रंगभूमीवर खरोखरीच एक स्त्री असणें, यानें त्या प्रश्नाचें वजन किती वाढलें असेल, हें सांगावयास नकोच.

याच संस्थेच्या मंडळींत अनंत काणेकर होते. १९०५ सालीं जन्मलेले काणेकर ‘चांदरात’चे कवि, लघुनिबंधकार, ‘माणूस’ या १९३९ च्या बोलपटाचे संवादलेखक आणि पुढें १९५७ च्या औरंगाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांनीं १९४१ सालीं इब्सेनच्या नोराला मराठींत आणलें आणि नाटकाला नांव दिलें ‘घरकुल’. हें नांव निरखून पाहण्यासारखें आहे. संसाराचें लहानसें, मायेचें घर तें घरकुल. आणि अंगणांत मुली मातीचें मांडतात तेंहि घरकुलच. मूळ नांवांतील बाहुली त्यांनीं शब्दांतून काढली, पण खेळ मात्र ठेवला. ज्याला नोरा संसार समजत होती तो भातुकलीचा खेळ होता, ही इब्सेनची सगळी व्यथा या एका मराठी शब्दांत मावली आहे.

परंतु खरी अडचण शब्दांची नव्हती. ती दाराची होती. मराठी नोरा त्या दारांतून बाहेर पडली तर जाणार कोठें? कांहीं जातींत काडीमोडीची रूढि होती. पण पांढरपेशा हिंदु घरांतील विवाहितेला मुंबई इलाख्यांत घटस्फोटाचा कायदेशीर मार्ग मिळाला तो १९४७ च्या कायद्यानें. काणेकरांनीं स्वतः कायद्याचें शिक्षण घेतलेलें होतें. ‘घरकुल’ लिहिलें गेलें तेव्हां तें दार कायद्यानें बंद होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या रूपांतराचें धाडस कळतें. पुढच्याच वर्षीं, १९४२ सालीं, मो. ग. रांगणेकरांचें ‘कुलवधू’ आलें आणि नोराच्या प्रश्नाची छाया स्वतंत्र मराठी नाटकावर पडली.

हे लेखक नॉर्वेजियन भाषेवरून भाषांतर करीत नव्हते. ज्याचे आजोबा नॉर्वेंत स्थायिक झाले होते आणि ज्याचें बालपण कांहीं अंशीं तेथें गेलें, त्या विल्यम आर्चरनें इब्सेनला इंग्रजींत रुजविलें. आणि इंग्रजीच्याच वाटेनें तो महाराष्ट्रांत पोंचला. दोन नद्या ओलांडून आलेल्या मालांत कांहीं सांडतेंच. म्हणून रूपांतराबरोबर भाषांतराचीहि वाट हवी. कवि सदानंद रेगे यांनीं इब्सेनचें ‘ब्रँड’ हें काव्यनाटक मराठींत आणून ती चोखाळली.

तरीहि जें पोंचलें तें थोडें नव्हे. ताराबाईंचा प्रश्न कागदावर एकटा पडला होता. वर्तक-काणेकरांनीं त्याला बसावयास एक खोली दिली, बोलावयास साधी भाषा दिली आणि ऐकावयास प्रेक्षक मिळवून दिले. मूळ ग्रंथकाराचें नांव लोक लक्षांत ठेवतात, रूपांतरकाराचें विसरतात. पण परक्या घराचें दार ज्यानें आपल्या भिंतींत बसविलें, त्याची कारागिरी तें दार उघडतांना तरी आठवावी.