खोल खडकातील पोकळी



खनिज तेलाचा विषय निघाला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे जमिनीखालचे तेलाचे तळे उभे राहते. असे तळे कोठेही नसते. विटेत पाणी मुरावे तसे तेल खडकाच्या बारीक छिद्रांत असते. तेव्हा आमचा आजचा प्रश्न छिद्रांचा आहे. डोक्यावर तीन-तीन हजार मीटर थरांचा भार असता चुन्याच्या खडकातली पोकळी बुजून का जात नाही?

उदाहरणादाखल उत्तर समुद्रातील, नॉर्वेच्या हद्दीतले एकोफिस्क घेऊ. तेथे १९६९ च्या अखेरीस तेल सापडले. खडक कोणता, तर खडू. (शाळेतला खडू बहुधा जिप्समचा असतो, हा अस्सल.) सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशीय शैवालांच्या अंगावर चुन्याच्या सूक्ष्म चकत्या असत. त्या तळाशी साचून चिखल झाला, आणि अशा ताज्या चिखलात निम्म्याहून अधिक भाग पाण्याचाच. वर थर चढले की पाणी पिळून निघते व कण जवळ येतात. पुढे जेथे कण एकमेकांवर रेटले जातात तेथे चुना विरघळतो आणि शेजारच्या पोकळीत जाऊन बसतो. खडक आपल्याच अंगाचा चुना काढून आपलीच भोके लिंपतो, म्हणाना! या हिशेबाने तीन किलोमीटर खाली फारसे काही उरू नये. पण एकोफिस्कच्या उत्तम थरांत ३० ते ४० टक्के पोकळी निघाली.

याचे कारण असे. वर चिकणमातीचे जाड थर असल्यामुळे खालच्या पाण्याला वाट मिळाली नाही, आणि कोंडलेल्या पाण्याने वरचा बराचसा भार स्वतःच पेलला. मोटारीचे ओझे टायरच्या रबरापेक्षा आतली हवा उचलते, तसेच हे. दुसरे कारण तेलाचे. कणांभोवतीच्या पाण्याची जागा तेलाने घेतली म्हणजे चुन्याचे विरघळणे मंदावते, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात. काहींना ते पटत नाही. आम्हांला दाबाचे कारण अधिक वजनदार वाटते.

सगळीकडे हाच प्रकार असतो असे मात्र नाही. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरांवर समुद्रात जी चुनखडी वेधली, तिच्यातली पुष्कळ पोकळी निराळ्या रीतीने झाली. प्राचीन काळी समुद्र हटून खडक उघडा पडला, पावसाच्या पाण्याने त्यातले शंखशिंपले विरघळले, आणि त्यांचे साचे रिकामे राहिले.

एकोफिस्कला १९७१ पासून तेल उपसू लागले. दाब उतरला आणि इतकी युगे पाण्याने पेललेला भार खडूच्या नाजूक सांगाड्यावर आला. सांगाडा चेपू लागला. १९८४ साली ध्यानात आले की समुद्राचा तळच खचतो आहे. वादळी लाटा आणि माणसे राबत असलेले फलाट यांतले अंतर कमी होत होते! अखेर १९८७ मध्ये पोलादी फलाटांचे पाय कापून, मध्ये तुकडे जोडून, ते सहा मीटर उचलण्यात आले. त्याच वर्षी दाब सावरण्यासाठी मोठ्या प्रमाणावर समुद्राचे पाणी खाली भरणे सुरू झाले. दाब सावरला, पण त्या पाण्याने खडू आणखी मऊ पडतो, म्हणून तळ पुढेही खचत राहिला. १९९८ साली तेथे नवे फलाट कामाला लागले, ते पुढचे खचणे जमेस धरूनच बांधलेले होते. आणि गंमत अशी की चेपणारा हाच खडू तेल पिळून बाहेर काढतो. प्रारंभीच्या अंदाजाहून पुष्कळ अधिक तेल तेथे मिळाले, त्यात या पिळण्याचाही वाटा आहे.