पडणारच आहे ना?

(भिलाईतल्या मराठी मंडळींच्या वसंत व्याख्यानमालेत मुलांच्या दातांवर काम करणाऱ्या एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गेल्या बावीस वर्षांत दवाखान्यात सगळ्यांत जास्त वेळा मी एकच वाक्य ऐकलं आहे. "मॅडम, दुधाचाच दात आहे, पडणारच आहे ना?" मराठीत ऐकलं, हिंदीत ऐकलं, छत्तीसगढीत आणि तेलुगूत ऐकलं. भिलाईत सगळ्या भाषा आहेत आणि हे वाक्य त्या सगळ्या भाषांत आहे. आज मी याच वाक्याबद्दल बोलणार आहे, कारण मुलांच्या तोंडाचं जेवढं नुकसान या वाक्यानं केलं तेवढं चॉकलेटनंही केलं नसेल.

पडणार आहे हे खरं. पण कधी? पुढचे पटाशीचे दात सहा-सात वर्षांचं असताना पडतात. मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहाव्या, अकराव्या, कधी बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. म्हणजे चार वर्षांच्या मुलीची दाढ किडली आणि आपण म्हणालो "पडेल", तर ती पडायला आणखी सहा-सात वर्षं आहेत. तेवढी वर्षं ती मुलगी एकाच बाजूनं चावणार, पोळी चावायला त्रास होतो म्हणून दूध-बिस्किटावर राहणार, रात्री गालावर हात ठेवून उठणार. आणि सकाळी आई म्हणणार, "जेवायला फार नखरे करते हो."

दुधाच्या दाढेचं आणखी एक काम असतं, ते दिसत नाही. तिच्या मुळांच्या बेचक्यात, हाडाच्या आत, कायमच्या दाताचा कोंब वाढत असतो. वरच्या दाढेत पू झाला की त्या कोंबाला इजा पोचू शकते. मग पुढं जो दात येतो तो खडबडीत, पिवळसर डागांचा येतो. आणि दाढ वेळेआधी काढावी लागली तर मागची दाढ पुढं सरकते, जागा अडवते, खाली तयार असलेल्या दाताला वर यायला वाटच राहत नाही. बाराव्या वर्षी आपण विचारतो, "हिचे दात असे वाकडेतिकडे कसे आले?" पुष्कळदा त्याचं उत्तर चौथ्या वर्षात सापडतं.

आता थोडं मागं जाऊ, अगदी गर्भापर्यंत. दुधाच्या दातांवर कॅल्शियमचे थर बसायला गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमाराला सुरुवात होते. बाळ बोळकं घेऊन जन्माला येतं खरं, पण त्या हिरड्यांच्या आत विसाच्या वीस दात आकार घेत असतात. आणि ज्या कायमच्या दाढेबद्दल मी शेवटी बोलणार आहे, तिची घडणसुद्धा जन्माच्या आसपासच सुरू होते.

साधारण सहाव्या महिन्यात खालचे दोन दात दिसतात. आपल्याकडे उष्टावणही त्याच सुमाराला करतात. मामाच्या मांडीवर बाळ, चांदीची वाटी, खिरीचा पहिला घास. या सोहळ्याबद्दल मला फार प्रेम आहे. पण 'उष्टं' हा शब्द मला इथं जरा निराळ्या अर्थानं वापरायचा आहे. कीड लावणारे जंतू बाळ सोबत घेऊन जन्मत नाही. ते बहुतेक वेळा घरातल्याच माणसांच्या लाळेतून त्याच्या तोंडात येतात. घास गरम आहे का म्हणून आई चमचा आधी स्वतःच्या तोंडाला लावते, खाली पडलेलं चोखणं आजी तोंडात घालून 'स्वच्छ' करते. सगळं मायेनंच होतं. म्हणून मी गरोदर बायकांना सांगते की आधी स्वतःच्या किडलेल्या दाढा भरून घ्या. बाळाच्या दातांची काळजी आईच्या तोंडापासून सुरू होते.

आणि मधाचं बोट. कृपा करून वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. त्याला दातांपेक्षाही गंभीर कारण आहे. मधातून येणाऱ्या एका जंतूचं विष इतक्या लहान बाळाच्या नसांवर परिणाम करतं. जंतू क्वचित असतो, पण असला तर जिवावर बेततं.

"दात येताहेत म्हणून ताप आहे, जुलाब आहेत," असं घरोघरी म्हणतात. दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, बाळ किरकिरं होतं, इतकंच. एकशे दोन ताप दातांमुळे येत नाही. बाळाला डॉक्टरकडे न्या.

पहिला दात दिसला की त्याच रात्रीपासून तो पुसायचा. ओलं, स्वच्छ मलमलीचं कापड बोटाला गुंडाळायचं आणि अलगद फिरवायचं. थोड्या दिवसांनी मऊ, छोटा ब्रश. पेस्ट किती? तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशवर पेस्टची लांबच लांब लाट दाखवतात, ती विसरा. पेस्टमध्ये फ्लोराइड असावं, डब्यावर १००० पीपीएम लिहिलेलं असतं ते बघून घ्या. ब्रश झाल्यावर फेस थुंकायचा, पण खळखळून चूळ भरायची नाही. फ्लोराइडचा पातळ थर दातावर राहिला तरच तो काम करतो.

फ्लोराइड म्हटलं की इथं कुणाच्या तरी मनात शंका येतेच, आणि ती रास्त आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत आणि आपल्या छत्तीसगडच्याही काही भागांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वरचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की मुलांचे कायमचे दात पांढऱ्या-तपकिरी पट्ट्यांचे येतात, त्याहून जास्त झालं तर हाडंही आखडतात. पण ते पोटात जाणाऱ्या पाण्याचं झालं. पेस्टमधलं फ्लोराइड दाताला बाहेरून लागतं आणि आपण ते थुंकून टाकतो. गाव बोअरच्या पाण्याचं असेल तर पाणी तपासून घ्या. पेस्ट बंद करू नका, तिचा डोस पाळा.

दात किडतो कसा? आपण कारखान्याच्या गावात राहतो, म्हणून कारखान्यातलंच उदाहरण देते. ४ फेब्रुवारी १९५९ ला इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, तेव्हापासून भट्टीच्या आतलं विटांचं अस्तर हा इथल्या प्रत्येक घरात माहीत असलेला विषय आहे. दाताचं इनॅमल म्हणजे तसंच अस्तर, शरीरातली सगळ्यांत कठीण वस्तू. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात, त्या आम्लानं अस्तर विरघळायला लागतं. फरक एकच. भट्टीचं अस्तर झिजलं की ती कॅपिटल रिपेअरला घेता येते, नव्या विटा बसवता येतात. इनॅमल घडवणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. हिरडीजवळ खडूसारखा पांढरा डाग दिसतोय तोवर लाळ आणि फ्लोराइड मिळून तो भरून काढू शकतात. एकदा खड्डा पडला की तो आपोआप बुजत नाही.

खाल्ल्यावर तोंडात जो आंबटपणा तयार होतो तो उतरायला साधारण अर्धा तास लागतो. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं ते मोजा. जेवणानंतर दोन पेढे खाल्ले, अर्धा तास गेला, विषय संपला. तेच मूल दुपारभर एकेक गोळी चघळत बसलं तर दातांना सुटीच नाही. आणि फक्त गोडच नव्हे, दाढेत चिकटून बसणारं बिस्कीट, ब्रेड, पाकिटातले वेफर्ससुद्धा तेच करतात.

रात्रीबद्दल मला अंमळ सावकाश बोलायचं आहे. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. लाळ म्हणजे दाताचा रात्रंदिवस चालणारा पाणीपुरवठा, तोच बंद होतो. अशा वेळी साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपलं की दूध वरच्या पुढच्या दातांपाशी साचून राहतं. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले असतात म्हणून वाचतात. दोन-अडीच वर्षांचं मूल, वरचे चार दात हिरडीलगत काळे पडलेले आणि खालचे शुभ्र, असं दिसलं की मी आईला विचारते, "रात्रीची बाटली?" आणि ती मान खाली घालते. मान खाली घालू नका. बाटलीत आजपासून फक्त पाणी द्या. रात्रीचं दूध द्यायचं तर वाटीनं किंवा कपानं द्या आणि मग दात पुसा. रात्री द्यायच्या गोड सिरपच्या औषधांचंही तसंच.

माझ्याकडे पाच वर्षांचा एक मुलगा यायचा. सहा दाढा किडलेल्या. आई शिकलेली, घर नेटकं, दोन वेळा ब्रश. मला उलगडा होईना. एकदा त्याचे वडील सोबत आले. प्लांटमध्ये शिफ्टची नोकरी. सेकंड शिफ्ट दहाला सुटायची, घरी पोचायला साडेदहा. दिवसभर मुलगा भेटलेला नसायचा, म्हणून येताना जलेबीचा पुडा आणायचे. मुलगा बाबांसाठी जागा राहायचा, मांडीवर बसून जलेबी खायचा आणि तिथंच झोपायचा. ब्रश नऊला होऊन गेलेला असायचा. ते सांगताना त्या माणसाचे डोळे भरून आले. त्याच्या दिवसातली ती एकच वेळ मुलाची होती. मी त्यांना म्हटलं, ती वेळ तशीच ठेवा, फक्त पुडा दुसऱ्या दिवशी जेवणासोबत उघडा आणि रात्रीचा ब्रश आईकडून काढून तुमच्याकडे घ्या. त्यांनी घेतला. नाइट शिफ्टच्या आठवड्यात ते घरून निघण्याआधी ब्रश करून द्यायचे. दाढा भरल्या, दोनांना मुकुट घातले, आणि पुढच्या तीन वर्षांत नवी कीड लागली नाही.

'ब्रश करून द्यायचे' असं मी मुद्दाम म्हणतेय. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मुलाच्या मनगटाला ते वळण नसतं. ज्या वयात बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, त्या वयात मागच्या दाढेची आतली बाजू घासता येत नाही. मुलाला आपल्या पुढ्यात पाठमोरं उभं करा, त्याचं डोकं आपल्या पोटाशी टेकवा, डाव्या हातानं हनुवटी धरा. असं केलं की तोंडात सगळं दिसतं. मग ब्रश त्याच्या हातात द्या, त्यालाही घासू दे.

आता आजींकडे वळते. माझं माहेर नागपूरचं. माझी आजी मशेरी लावायची. पितळेची डबी, डाव्या हाताची तर्जनी आणि अंगणातली पायरी. तंबाखू भाजल्याचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. इथं आले तर शेजारच्या काकू गुडाखू घासताना दिसल्या. तंबाखू आणि गूळ मळून केलेला काळपट लगदा, छोट्या डबीत. गावाकडची मुखारी, म्हणजे कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी, मागं पडली आणि तिच्या जागी ही डबी आली. "याच्याशिवाय पोट साफ होत नाही," असं आजीही म्हणायची, काकूही म्हणतात. ती निकोटिनची तल्लफ असते. दातांच्या पेस्टमध्ये आणि मंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, तरी गुडाखू टपरीवर मिळतो. मुलं हे बघतात. दात दुखतो म्हणून आजीनं मायेनं बोटभर लावलेला गुडाखू ही आठ-नऊ वर्षांच्या पोरीची तंबाखूशी पहिली ओळख असते, हे मी स्वतः पाहिलं आहे. थोडी बधिरता येते, दुखणं थांबल्यासारखं वाटतं, आणि मग ती स्वतःच डबी शोधते.

किशोरवयातली मुलं डबीपेक्षा पुडीकडे जातात. विदर्भातून आलेल्यांना खर्रा सांगायला नको. सुपारी, चुना, तंबाखू पन्नीत घोटून. सुपारीनं गालाच्या आतली त्वचा हळूहळू ताठ होते, तिखट सोसवत नाही, मग तोंड उघडेनासं होतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आपलीच तीन बोटं, एकावर एक, उभी धरून दातांमध्ये घालायला सांगा. तीन गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर थांबू नका, दुसऱ्याच दिवशी दाखवा. गेलेली लवचिकता पूर्ण परत येत नाही, पण सुपारी सुटली तर पुढचं नुकसान रोखता येतं. रागावून विचारलंत तर मुलगा तोंड उघडणारच नाही, तेवढं सांभाळा.

मैदानावरच्या मुलांसाठी एक गोष्ट. चेंडू लागून किंवा पडून कायमचा दात मुळासकट निघाला तर तो फेकू नका. वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा आणि जमलं तर तिथंच परत खाचेत बसवा. नाही जमलं तर थंड दुधात घालून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचा. टपरीवर चहा नसला तरी दूध असतं. एकदा अकरा वर्षांच्या मुलाचा दात त्याच्या मित्रानं काचेच्या ग्लासात, दुधात बुडवून सायकलवरून आणला होता. तो दात अजून जागेवर आहे. दुधाचा दात मात्र असा परत बसवायचा नाही, खालच्या कोंबाला इजा होते.

पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसाच्या आत करा, पुढं दर सहा महिन्यांनी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा 'चिरायु'ची टीम येते. २०१३ पासून देशभर चाललेल्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचंच हे आपल्याकडचं नाव. त्यात दातही बघतात. आपल्या कामवाल्या ताईंच्या मुलाला तिथून चिठ्ठी मिळाली असेल तर ती कुठं घेऊन जायची ते त्यांना समजावून सांगा, जमलं तर सोबत जा.

शेवटी त्या दाढेबद्दल. दुधाचा पडलेला दात आपण उंदरासाठी छपरावर टाकायचो, आठवतं? सेक्टरच्या क्वार्टरला कौलं नाहीत, पण मुलं अजून गच्चीवर टाकतात. त्या कौतुकात एक गोष्ट निसटते. सहाव्या वर्षाच्या सुमाराला, काहीही न पडता, सगळ्यांत मागं एक नवी दाढ येते. जागा रिकामी होत नाही, रक्त येत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. कुणी बघितलीच तर म्हणतात, दुधाचीच आहे. ती कायमची असते, चारी कोपऱ्यांत एकेक. तिच्यावर खोल खाचा असतात, ब्रशचे केस आत पोचत नाहीत, आणि नवी असताना ती कच्ची असते. नऊ-दहा वर्षांच्या मुलांत मला सगळ्यांत जास्त किडलेली सापडते ती हीच. आल्याआल्या दाखवली तर त्या खाचा न कोरता, न दुखवता, पातळ थरानं बुजवता येतात. दहा मिनिटांचं काम.

ती ओळखायची कशी? अगदी मधल्या दातापासून मागं मोजत जा. एक, दोन, तीन, चार, पाच. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात. सहावा दिसला, तर तो पडणारा नाही.

पुढच्या रांगेत मघापासून पाच-सहा वर्षांची तीन-चार मुलं बसली आहेत. टॉर्च मी आणला आहे. तुमचे प्रश्न सुरू होईपर्यंत त्यांना जरा इकडे पाठवा, आपण मोजून बघू.