वीज देयकांच्या नोंदी आणि वर्गवारीचे रकाने

मध्य रेल्वेच्या दिवा आणि डोंबिवली या स्थानकांच्या दरम्यान कोपर हे स्थानक आहे. खालून कल्याणकडे जाणारा मुख्य मार्ग आणि वरून वसई-दिवा मार्ग, अशी त्याची दोन मजली रचना आहे. लोहमार्गालगत जुने गावठाण, चाळी आणि अलीकडच्या बहुमजली इमारती दाटीने उभ्या आहेत. या वस्तीतील बहुतेक प्रत्येक घराचा दरमहा ज्या नोंदवहीशी संबंध येतो, ती म्हणजे वीज देयकांची. देयक हाती पडताच ग्राहक रक्कम आणि अखेरची तारीख पाहतो व कागद खुंटीला अडकवतो. तथापि त्याच कागदावर इतर जे बारीक आकडे छापलेले असतात, त्यांत साऱ्या परिसराच्या वीजपुरवठ्याचा इतिहास साठवलेला असतो.

बारा अंकी ग्राहक क्रमांक, बिलिंग युनिट, दरसंकेत, मंजूर भार, मीटर क्रमांक, चालू व मागील वाचन हे रकाने आकारणीसाठी आवश्यकच असतात. त्यांच्या जोडीला चक्र, मार्ग, क्रम आणि डीटीसी, म्हणजे ज्या रोहित्रावरून घराला वीज मिळते त्याचा संकेत, हेही छापलेले असते. या अखेरच्या रकान्याविना देयकाची रक्कम एका पैशानेही बदलत नाही. मग तो कशासाठी? आकारणी आणि आकलन ही दोन भिन्न कार्ये आहेत. पहिल्यासाठी ग्राहक एकेकटा पुरेसा असतो. दुसऱ्यासाठी तो कोणत्या समूहात मोडतो हे ठाऊक असावे लागते.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना 1960 मध्ये झाली आणि 2005 मध्ये त्याचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. त्या काळात राज्यात विजेचा तीव्र तुटवडा होता. भारनियमन अटळ होते. प्रश्न होता तो कोणाकडे किती तास करावयाचे हा. महावितरणने वाहिन्यांची वितरण व वसुलीतील हानीनुसार 'ए'पासून 'जी'पर्यंत गटवारी केली. ज्या वाहिनीवर हानी अल्प, तिच्यावर अंधार कमी; ज्या वाहिनीवर अधिक, तिच्यावर जास्त. देयकांच्या नोंदीतील एक संकेत अशा रीतीने घरातील दिव्यापर्यंत येऊन पोहोचला. नियमित देयक भरणारे कुटुंबही वाहिनीच्या गटाबरोबर अंधारात बसत असे. या न्यायाबद्दल दुमत असू शकेल; परंतु ज्या नोंदीवर तो आधारलेला होता ती अचूक असावी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

नोंद चुकली तर काय घडते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका रोहित्रातून महिन्याला 50,000 युनिट वीज बाहेर पडली आणि त्यावर नोंदलेल्या ग्राहकांची देयके मिळून 41,000 युनिटची झाली. हानी 18 टक्के दिसेल. शेजारच्या रोहित्रातून 40,000 युनिट गेले व देयके 39,000 युनिटची निघाली. तेथे हानी अवघी अडीच टक्के. आता पहिल्या रोहित्रावरील एका चाळीची 40 घरे, दरमहा सरासरी 75 युनिट वापरणारी, कागदोपत्री दुसऱ्या रोहित्रावर राहून गेली असतील, तर 3,000 युनिट चुकीच्या ठिकाणी मोजले गेले. दुरुस्तीनंतर पहिल्याची हानी 12 टक्के आणि दुसऱ्याची 10 टक्के होते. ज्या गल्लीत वीजचोरीचा संशय धरून पथक धाडले असते, तेथे बव्हंशी दोष कारकुनी निघतो. आणि जी गल्ली निर्दोष समजून सोडून दिली असती, तेथेच पाहण्यासारखे बरेच असते.

वीजभार वाढल्यावर घरे एका रोहित्रावरून दुसऱ्यावर वळवली जातात. हे काम पावसाळ्यात, रात्री, घाईने होते आणि कार्यालयातील नोंद मागे राहते. म्हणून केवळ रोहित्राचा संकेत लिहून भागत नाही. तो कोणत्या तारखेपासून लागू झाला हा रकानाही त्यालगत हवा. जुना संकेत खोडून नवा लिहिला तर गेल्या वर्षाचा हिशेब आजच्या मांडणीने केला जातो व दोन्ही वर्षे खोटी ठरतात. केंद्र शासनाने 2008 मध्ये सुधारित स्वरूपात हाती घेतलेल्या वीज वितरण सुधारणा कार्यक्रमात ग्राहकांची अशी अनुक्रमणी आणि ऊर्जा लेखापरीक्षण यांवर भर होता, तो याच कारणास्तव. खरी माहिती मात्र खांबाखाली उभ्या असलेल्या जनमित्राजवळच असते. त्याला नोंद करण्याची सोय व सवड दिली नाही, तर महागडी संगणकप्रणालीही चुकाच अधिक वेगाने छापते.

रोहित्राखेरीज आणखी कोणते रकाने जोडावेत? कोपरसारख्या वस्तीत एक रकाना विशेष मोलाचा ठरेल : एका मीटरवर किती कुटुंबे राहतात. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिला टप्पा 100 युनिटपर्यंतचा, दुसरा 101 ते 300 युनिटचा. दोन खोल्यांत दोन कुटुंबे, प्रत्येकाचा वापर 80 युनिट. स्वतंत्र मीटर असते तर दोघेही पहिल्या टप्प्यातच राहिले असते. एकाच मीटरवर ती बेरीज 160 होते आणि 60 युनिटना चढा दर लागतो. विश्लेषण करणाऱ्याला हे घर मध्यम वापराचे, म्हणून मध्यम स्थितीचे वाटते. वस्तुतः तेथे दोन गरीब कुटुंबे असतात. अल्प वापर म्हणजे दारिद्र्य हे समीकरणही असेच फसवे; बंद पडलेली सदनिका महिनोन्‌महिने सर्वांत कमी युनिट दाखवते.

एक सीमा मात्र कटाक्षाने पाळावी लागते. विश्लेषणासाठी जोडलेला रकाना दराचा आधार होऊ शकत नाही. वीज अधिनियम, 2003 च्या कलम 62, पोटकलम 3 अन्वये आयोगाला ग्राहकाग्राहकांत दरभेद करता येतो तो भार, दाब, वापर, वेळ, भौगोलिक स्थिती, पुरवठ्याचे स्वरूप व प्रयोजन यांसारख्या ठरावीक निकषांवरच. म्हणून कुटुंबसंख्येचा रकाना दरसंकेताच्या रकान्यापासून अलग ठेवावा आणि त्यात फेरफार करण्याचा अधिकार आकारणी शाखेस नसावा. धर्म, जात वा भाडेकरूंची नावे यांना तर अशा वहीत स्थानच नाही. वैयक्तिक अंकीय माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाला. त्याची वाट न पाहताही हे विवेकाला पटावे.

संकेतांची यादी आखूड असावी. 'इतर' या सदरात निम्मे ग्राहक जमा झाले, तर वर्गवारी फसली असे समजावे. माहिती मिळाली नसेल तेथे 'अज्ञात' असेच लिहावे. रिकामा चौकोन भरण्याच्या हव्यासाने शेजारच्या घराचा संकेत उतरवून घेणे हा या कामातील सर्वांत जुना रोग आहे, आणि तो उशिरा कळतो, कारण भरलेला तक्ता दिसायला नेहमीच सुबक असतो.

कोपरपासून एक स्थानक मुंबईच्या बाजूला कारभाराची रेषा बदलते. शीळ, मुंब्रा व कळवा परिसरातील वितरण 2020 पासून टोरंट पॉवर या खाजगी कंपनीकडे फ्रँचायझी पद्धतीने आहे. भिवंडीत तीच व्यवस्था 2007 पासून आहे. दोन परिसरांची तुलना करावयाची, तर हानीची व्याख्या दोन्हीकडे एकच असावी लागते. 100 युनिट पुरवले, 88 युनिटची देयके गेली आणि देयकांपैकी 95 टक्के रक्कम वसूल झाली, तर एकत्रित हानी 16.4 टक्के होते. केवळ वितरणातील हानी पाहिली तर ती 12 टक्के. कोणता आकडा सांगितला जात आहे, हे संकेताच्या शेजारी लिहिलेले नसेल, तर एकाच तक्त्यातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष निघू शकतात.

आरंभ एका रोहित्रापासून करता येतो. मीटरवाचनाच्या एका चक्रात त्यावरील घरे खांबाखांबाने तपासावीत, तारखेसह संकेत लिहावेत आणि पुढील दोन महिने पुरवलेले व आकारलेले युनिट शेजारी शेजारी मांडावेत. तफावत ज्या खांबापाशी उरेल, तेथे दुसऱ्यांदा जावे.