मटणाची पारख आणि फ्रीजरची मर्यादा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतींतील पुष्कळ कारखान्यांस साप्ताहिक सुटी गुरुवारीं असते. घरच्या मंडळींनीं एकत्र बसून सावकाश जेवावें असा आठवड्यांतला हा एकच दिवस. आणि नेमका तोच वार दत्ताचा म्हणून पुष्कळ घरांत मांसाहारास वर्ज्य! बुधवारीं आणि रविवारीं खाटकाच्या दुकानापुढें रांग लागते, तेव्हां घरांतील मिळवता मनुष्य पाळीवर असतो. शिवाय आळंदी आणि देहू हीं दोन्ही क्षेत्रें जवळ असल्यामुळें एकादशी पाळणारीं घरेंहि थोडीं नाहींत. वारांचा हा हिशेब जुळविण्यासाठीं रविवारीं घेतलेलें मटण शुक्रवारपर्यंत, कधीं पुढच्या महिन्यापर्यंत, फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवण्याची चाल आतां घरोघर पडली आहे. चाल सोयीची आहे. मात्र किलोस सात-आठशे रुपये मोजून आणलेलें मटण पुष्कळदां वातड होतें, त्यास जुनाट वास येतो, आणि दोष बिचाऱ्या खाटकावर जातो.

त्याचा दोष कधींकधीं असतोहि. म्हणून आधीं पारखीविषयीं. कोवळ्या बोकडाचें मांस फिकट तांबडें, तंतु बारीक आणि चरबी पांढरी व घट्ट असते. वय वाढलें कीं रंग काळपट होतो, चरबी पिवळी पडते आणि हाडें रुंद होतात. बोटानें दाबल्यास ताजें मांस पुन्हा वर येतें. त्यावर ओलावा असावा, बुळबुळीतपणा नसावा. पुणें परिसरांत ‘बोल्हाईचें मटण’ अशा पाट्या दिसतात, त्यांचा अर्थ नव्यानें आलेल्या कुटुंबांस पुष्कळदां ठाऊक नसतो. वाडेबोल्हाईच्या देवीचे भक्त शेळी-बोकडाचें मांस खात नाहींत. त्यांच्यासाठीं तें मेंढीचें असतें. त्याची चरबी अधिक आणि चटकन थिजणारी, म्हणून रस्सा ऊन असतांनाच वाढावा लागतो. रश्श्यासाठीं खांदा, सीना आणि नळी, सुक्यासाठीं मांडी, आणि खिमा आपल्या डोळ्यांदेखत करून घेतलेला बरा. कलेजी व खिमा साठवण्याच्या भानगडींत पडूंच नये. तीं आणल्या दिवशींच संपवावींत.

आतां साठवणुकीचें मूळ. ‘ताजें आहे तोंच बर्फांत टाका’ असा उपदेश वडीलधारी मंडळी करतात, आणि घोटाळा नेमका तेथेंच होतो. जनावर मारल्यानंतर त्याचे स्नायु कांहीं तासांनीं ताठर होतात आणि पुढें हळूहळू सैल पडतात. हा ताठरपणा येऊन जाण्यापूर्वींच मांस फार थंड केलें, म्हणजे सुमारें १० अंश सेल्सिअसच्या खालीं नेलें, तर स्नायु आखडतात आणि तें आखडणें शिजविल्यानेंहि पुरतें सुटत नाहीं. त्याच अवस्थेंत गोठविलेलें मांस तर बर्फ वितळतांना अधिकच आकसतें आणि त्यांतील रस गळून जातो.

ही गोष्ट जगाला न्यूझीलंडनें शिकविली. ‘डुनेडिन’ नांवाचें जहाज १८८२ च्या फेब्रुवारींत गोठविलेलें मेंढीचें मांस घेऊन त्या देशांतून निघालें आणि मे महिन्यांत लंडनला पोंचलें. तेव्हांपासून तो व्यापार फोफावला. पण पुढें मारल्याबरोबर गोठविण्याची घाई वाढली तशी मांस वातड असल्याची ओरड सुरू झाली. १९६३ सालीं लॉकर आणि हॅगयार्ड या तेथील संशोधकांनीं थंडीनें स्नायु आखडण्याचें हें कारण उजेडांत आणलें. बोकडाचा देह लहान आणि चरबी कमी, म्हणून तो लवकर निवतो आणि त्यास हा धोका अधिक. आपल्या दुकानांत पहाटे कापलेलें जनावर सकाळीं विकलें जातें. तें तासाभरांत फ्रीजरमध्यें गेलें, तर न्यूझीलंडची जुनी चूक स्वयंपाकघरांत पुन्हा घडते.

तेव्हां मार्ग दोन. मटण त्याच दिवशीं रांधावें हा पहिला, आणि जिभेच्या दृष्टीनें तोच उत्तम. साठवायचेंच असेल, तर शक्य तितके मोठे, हाडासकट तुकडे करून घ्यावेत. हाडास धरलेला स्नायु फारसा आखडूं शकत नाहीं. ते झाकणाच्या भांड्यांत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यांत, ४ अंशांच्या आसपास, एक दिवस विसावूं द्यावेत आणि मग गोठवावेत. ओट्यावर उघडें ठेवणें म्हणजे विसावा नव्हे. एरव्हीं दोन तास आणि वैशाखाच्या उन्हाळ्यांत एक तास, त्याहून अधिक वेळ मांस बाहेर राहूं नये.

गोठवितांना अर्ध्या-अर्ध्या किलोचे चपटे पुडे करावेत. पातळ पुडा लवकर गोठतो. गोठण्यास वेळ लागला कीं मांसांतील पाण्याचे मोठे स्फटिक होतात आणि ते पेशी फाडतात. पुढें बर्फ सुटतांना भांड्यांत जें तांबडें पाणी सांचतें तें त्यामुळेंच. पिशवींतील हवा दाबून काढावी व वरून दुसरी पिशवी घालावी. हवा राहिली तर मांसावरील बर्फ वितळल्यावांचून उडून जातो आणि तेथें करडे, कोरडे डाग पडतात. ते अपायकारक नसतात, पण चोथ्यासारखे लागतात. हळद लावावी, मीठ मात्र लावूं नये, कारण त्यानें फ्रीजरमध्यें चरबी लवकर खवट होते. आपल्याकडील हळद-मिठाच्या संवयीला एवढी मुरड घालण्यास हरकत नसावी. पुड्यावर तारीख घालावी.

हें सारें केलें तरी फ्रीजर मांस सुधारीत नाहीं. आहे तसें थांबवून ठेवतो, एवढेंच. उणे १८ अंशांवर जंतु वाढत नाहींत, पण मरतातच असें नाहीं. बर्फ सुटला कीं ते पुन्हा जागे होतात. म्हणून गोठलेला पुडा आदल्या रात्रीं खालच्या कप्प्यांत ताटलींत काढावा. एकदारी फ्रिजच्या वरच्या कप्प्यांत उणे १८ अंशांची थंडी पुष्कळदां टिकत नाहीं. तेथें महिन्याहून अधिक काळ साठवणूक नको. स्वतंत्र फ्रीजर असल्यास तीन-चार महिने चालतें. बर्फाचें यंत्र येण्यापूर्वीं मराठवाड्यांतील दलित वस्त्यांतून मांसाच्या लांब पट्ट्या उन्हांत वाळवून त्यांच्या चान्या करीत, हें शाहू पाटोळे यांनीं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या ग्रंथांत नोंदविलें आहे. पाणी काढून घेतलें कीं कुजणें थांबतें, हें त्या घरांतील बायांना कोणत्याहि प्रयोगशाळेवांचून कळलें होतें. फ्रीजर तेंच पाणी गोठवून करतो. त्याला वीज मात्र अखंड लागते.

आणि भोसरीचें दुखणें हेंच. या भागांत दुरुस्तीसाठीं वीज बंद ठेवण्याचा दिवसहि बहुधा गुरुवारच. स्वतंत्र फ्रीजर गच्च भरलेला असून दार उघडलें नाहीं, तर थंडी सुमारें ४८ तास टिकते. अर्धा भरलेला असल्यास २४ तास. फ्रिजच्या लहान कप्प्यास हा हिशेब लागू नाहीं, तो पुष्कळ आधीं सुटतो. दर घटकेला दार उघडून ‘बर्फ सुटला का’ हें पाहणारी मंडळीच तो लवकर सोडवितात! वीज आल्यावर पुड्यांत बर्फाचे खडे शिल्लक असतील तर ते परत गोठविण्यास हरकत नाहीं. चव कांहींशी उतरते. पुडे मऊ आणि कोंबट झाले असतील, तर वास येवो न येवो, ते टाकावे. लहान मुलें आणि वृद्ध असलेल्या घरांत तर येथें काटकसर नकोच.

जत्रेसाठीं वा लग्नासाठीं गांवीं जाणाऱ्या कुटुंबास मागें काय झालें हें कळण्याचा एक सोपा उपाय आहे. वाटींत पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणें ठेवावें आणि वाटी फ्रीजरमध्येंच राहूं द्यावी. परत आल्यावर नाणें वरच असेल तर पुडे ठीक आहेत; तें वाटीच्या तळाशीं गोठलेलें आढळलें, तर मध्यंतरीं सारें वितळून पुन्हा गोठलें असें समजावें आणि मटण टाकून द्यावें.