खोटे दारिद्र्य

हिचकॉक म्हटले की रहस्यपट आठवतात; परंतु १९२८ साली त्यांनी ‘शॅम्पेन’ नावाचा एक मूक विनोदपटही काढला. नायिका एका अमेरिकन कोट्यधीशाची लाडावलेली कन्या. प्रियकराला गाठावयाचे म्हणून ही बाई विमान भर अटलांटिकमध्ये त्याच्या जहाजाजवळ उतरविते! तिला वठणीवर आणण्यासाठी पिता पॅरिसला येऊन सांगतो, शेअरबाजारात सर्वस्व बुडाले. ते खोटे असते. ती मात्र चुलीपाशी जाते, स्वयंपाक बिघडविते, शेवटी रात्रीच्या नाचघरात फुले वाटण्याची नोकरी धरिते. बेटी बाल्फोर या नटीने हे मोठे गोड वठविले आहे.

मला तो पिता रुचत नाही. आमच्या बिदर-कलबुर्गीकडे अवर्षणाच्या साली वहीवाचून वर्गात बसणारे मूल कोणाचे सोंग पाहून काटकसर शिकलेले नसते. चित्रपटातली मुलगीही सत्य कळताच संतापून निघून जाते. आणि हे मला योग्यच वाटते. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर १९२९ मध्ये, न्यूयॉर्कचा शेअरबाजार खरोखरीच कोसळला.

मराठी, कानडी, उर्दू बोलणाऱ्या आमच्या मुलांना हा मूकपट सारखाच कळेल. पित्याचे असत्य उघडे पडते तेथे यंत्र थांबवून त्यांचे मत विचारावे.